कडू पाला आणि दुधाचे डबे

परवा एका अभ्यासवर्गात एक पोरगा उठला आणि म्हणाला, "मागचं उगाळून काय मिळतं? बापजाद्यांनी सोसलं ते सोसलं. आपण रोज उठून खपली काढत बसायचं म्हणजे ती हौसच झाली." पोरगा वाचणारा, विचार करणारा. दोघंतिघं त्याच्यावर धावून गेले. मी गेलो नाही. कारण प्रश्न खरा आहे. दुःखाची आठवण माणसाला उभं करते, तशी बसवूनही ठेवते. तिचा धंदा होतो, तिचा गंडा होतो, आणि दुसऱ्याच्या टाळक्यात घालायचा दगडही होतो. तेव्हा नुसतं 'विसरू नका' म्हणून भागत नाही. कसं आठवायचं, कुणासाठी आठवायचं आणि आठवून पुढे काय करायचं, हे विचारावंच लागतं.

हा प्रश्न दोन-अडीच हजार वर्षं अंगावर वागवणारे लोक म्हणजे यहुदी. त्यांचं बघू. भक्तिभावाने नको, तपासून बघू.

आणि ते आपल्याला वाटतात तेवढे लांबचे नाहीत. १८७३ साली पुण्यात जोतीरावांचं 'गुलामगिरी' छापलं गेलं. १८७४ साली त्याच पुण्यात आणखी एक पुस्तक निघालं, तेही गुलामगिरीतून सुटलेल्यांचं. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी, शिळाछाप, चित्रांसकट. ते होतं 'हगादा', बेने इस्रायल लोकांसाठी काढलेलं. या दोन पुस्तकांचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण एका गावात एका वर्षाच्या अंतराने गुलामीची दोन पुस्तकं मराठीत निघाली, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांना कधी सांगावीशी वाटली नाही. त्यांना पेशव्यांच्या बखरीतून सवड कुठली! त्या पुस्तकात सणाची बिनखमिराची भाकर करणाऱ्या बाया काढल्यात. त्या बायांच्या अंगावर लुगडी आहेत.

हगादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरात, जेवणाच्या पाटावर वाचायचं पुस्तक. देवळात नव्हे, घरात. पुरोहित नाही, माईक नाही, हारतुरे नाहीत. मिसर देशात फारोच्या वेठबिगारीत आपले पूर्वज विटा थापत होते आणि तिथून सुटले, ही त्यातली गोष्ट. आता इथं आपल्यातला चिकित्सक विचारणार, की हे घडलं होतं का? तर एवढे लोक एकदम मिसरातून निघाल्याचा पुरातत्त्वीय पुरावा आजवर मिळालेला नाही. इतिहास म्हणून ती गोष्ट कच्ची आहे. पण मला दुसरंच नवल वाटतं. जगातले सगळे लोक आपली वंशावळ रचताना राजे शोधतात. कुणी सूर्यापासून निघतो, कुणी चंद्रापासून. हे लोक गुलामापासून निघतात. रचायचीच होती तर राजाची गोष्ट रचता आली असती. नाही रचली.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीला आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला त्यांच्या रब्बींनी मिश्ना हा कायद्याचा ग्रंथ एकत्र केला. वल्हांडणाची गोष्ट कशी सांगायची त्याचा नियम त्यात आहे: सुरुवात लाजेपासून करायची आणि शेवट गौरवाने करायचा. लाज कोणती, यावरही पुढे वाद झाला. एकजण म्हणाला, आपण गुलाम होतो ही लाज. दुसरा म्हणाला, आपले पूर्वज मूर्ती पुजत होते ती खरी लाज. म्हणजे एकाच्या मते लादली गेलेली लाज, दुसऱ्याच्या मते आपण स्वतः केलेली. पुस्तकाने निकाल दिला नाही. दोन्ही ठेवल्या. हे मला मोठं वाटतं. जिथं फक्त लादलेल्या लाजेची आठवण राहते तिथं माणूस रडत बसतो. जिथं फक्त स्वतःच्या लाजेची राहते तिथं तो मान खाली घालून चालतो.

आणि ही आठवण नुसती बोलायची नाही, खायची आहे. ताटात कडू पाला असतो, तो चावायचा. मिठाचं पाणी असतं, ते आसवांचं. फळं-सुकामेव्याचा लगदा असतो, तो विटांच्या गाऱ्याचा. भाकर फुगलेली नसते, कारण पळणाऱ्यांना पीठ आंबवायला वेळ नव्हता. घरातल्या धाकट्या पोराने विचारायचं, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? त्याने विचारल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. आणि सांगणाऱ्याने 'ते लोक' म्हणून सांगायचं नाही. आपण स्वतः तिथून निघालो असं धरून सांगायचं. भूतकाळाचा प्रथमपुरुष होतो.

आणखी एक. या सगळ्या पुस्तकात मोशेचं नाव जवळजवळ नाहीच. ज्याने लोकांना बाहेर काढलं त्यालाच बाजूला ठेवलंय. पुढाऱ्याची आरती होऊ नये म्हणून, असं त्याचं एक कारण सांगतात. कारण काहीही असो, एवढी मोठी मुक्तीची गोष्ट पुढाऱ्याच्या फोटोशिवाय सांगता येते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी डोक्यात ठेवायला हरकत नाही.

मिसऱ्यांवर दहा पीडा आल्या, त्यांची नावं घेताना पेल्यातल्या द्राक्षारसाचे थेंब बाहेर टाकतात. त्याचा एक प्रचलित अर्थ असा, की आपली सुटका झाली पण समोरची माणसंही मेली, म्हणून आपला पेला तेवढा कमी. मालकाच्या मरणाने गुलामाचा पेला पुरा भरू नये, हे म्हणायला छाती लागते.

पण पुस्तकात मला खटकणारी जागाही आहे. चार पोरांची ती गोष्ट. एक शहाणा, एक दुष्ट, एक साधा, एकाला विचारताच येत नाही. दुष्ट कोण? जो विचारतो, ही तुमची उठाठेव कशासाठी? 'तुमची' म्हणाला, स्वतःला बाहेर ठेवलं, म्हणून तो दुष्ट. आणि त्याला उत्तर काय, तर तू तिथं असतास तर सुटला नसतास. हे उत्तर नव्हे, हे हाकलणं आहे. आमच्या अभ्यासवर्गातल्या पोरावर धावून गेलेले दोघंतिघं हेच बोलत होते. पुस्तकाची लाज राखणारी एकच गोष्ट आहे: तो पोरगा पाटावर आहे. त्याला उठवलेलं नाही. दरवर्षी तो येतो, दरवर्षी तेच विचारतो, आणि दरवर्षी त्याच्यापुढे ताट असतं.

आता ज्याने या सगळ्याची मांडणी केली त्या माणसाकडे येतो. योसेफ हाइम येरुशल्मी, अमेरिकेतला इतिहासकार, २००९ साली गेला. १९८२ साली त्याचं 'झाखोर' निघालं. झाखोर म्हणजे आठव. पुस्तक छोटं, व्याख्यानांचं. त्याचं म्हणणं असं, की बायबलात आठवण्याचा हुकूम पदोपदी आहे, पण यहुदींनी इतिहास मात्र लिहिला नाही. पहिल्या शतकातल्या जोसेफसनंतर थेट सोळाव्या शतकापर्यंत इतिहासलेखन जवळजवळ बंद. तरी ते विसरले नाहीत. कारण आठवण त्यांनी ग्रंथात नाही, सणात आणि उपासात ठेवली. यरुशलेमचं मंदिर बाबिलोनवाल्यांनी पाडलं, पुढे इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं. दोन्हींचा शोक अव महिन्याच्या नवमीला. जमिनीवर बसायचं, उपाशी राहायचं, विलापगीतं वाचायची. नंतरच्या कत्तलींचे विलापही त्याच दिवसात मिळवत गेले. मग एकोणिसाव्या शतकात नव्या पद्धतीचे इतिहासकार आले, कागदपत्रं तपासू लागले, आणि येरुशल्मी म्हणतो की तिथं फट पडली. इतिहास वाढला आणि आठवण आटली. स्वतः इतिहासकार असून तो हे दुःखाने सांगतो. प्रामाणिक माणूस आहे. पण दोन ठिकाणी माझं त्याच्याशी जमत नाही.

पहिलं ठिकाण कोकणातलं. बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले. सात जोडपी वाचली. पोथ्या गेल्या, भाषा गेली. राहिला तो घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्यातल्याच हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून ठेवला, तो छापला गेला १९३७ साली तेल अवीवला. त्या जुन्या चालीरीतींत एक 'बिरड्याचा सण' आहे. हीच ती अवची नवमी. उपास करायचा आणि वालाचं बिरडं खायचं. कुठलं मंदिर, कुणी पाडलं, काही ठाऊक नाही. गोष्ट गेली, वाल मोड येऊन पानात पडत राहिले. नावं आणि अर्थ नंतर आले. कोचीनच्या शिक्षकांनी शिकवले, पाद्र्यांच्या मराठी बायबलातून कळले.

येरुशल्मीला हे उदाहरण आवडलं असतं. बघा, चालीरीतीने काय काय टिकतं! मी म्हणतो, टिकतं, पण मुकं टिकतं. आईने सांगितलं म्हणून केलं, एवढंच. त्या बिरड्याला पोराच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. भांडं राहिलं म्हणजे पाणी राहिलं असं नव्हे.

आणि गोष्ट पाठ असली म्हणून तरी काय? कोचीनला चला. तिथल्या परदेशी यहुद्यांच्या सभास्थानात गुलामीतून सुटकेची गोष्ट दरसाल मोठ्याने वाचली जायची. त्याच सभास्थानात त्यांच्या मुक्त केलेल्या गुलामांचे वंशज असायचे, त्यांना मेशुहरारीम म्हणत. धर्म तोच, पोथी तीच. पण बाकावर बसायची बंदी. बाहेरच्या सोप्यात जमिनीवर बसायचं. मिसरातल्या गुलामांसाठी आत डोळ्याला पाणी आणि दाराशी घरचेच गुलाम खाली बसलेले. त्यांच्यातलाच अब्राहम बराक सालेम वकील झाला आणि विसाव्या शतकात सत्याग्रहाच्या वाटेने या बंदीशी भांडला. कोकणातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, रोटी-बेटी बंद. पुढे हेच मराठी बोलणारे लोक इस्रायलात गेले तर तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने १९६१-६२ च्या सुमाराला फर्मान काढलं, की यांची लग्नं लावण्याआधी यांच्या आज्या-पणज्या तपासा. १९६४ साली बेने इस्रायल यरुशलेममध्ये धरणं धरून बसले तेव्हा त्या फर्मानातलं त्यांचं नाव निघालं. कडू पाला खाल्ला म्हणून माणूस आपोआप सुधारत नाही. तोराहमध्येच बघा. सुटणाऱ्या गुलामाला रिकाम्या हाताने पाठवू नका, तुम्हीही गुलाम होता हे आठवा, हा हुकूम तिथं आहे. आणि परक्यांतले गुलाम कायमचे ठेवा, वारशाने पोरांना द्या, ही परवानगीही तिथंच आहे.

दुसरं ठिकाण वॉर्सा. येरुशल्मी ज्या फटीवर शोक करतो ती वॉर्साच्या घेट्टोत बुजवली गेली, आणि बुजवणारा इतिहासकारच होता. घेट्टो हा शब्द व्हेनिसचा. १५१६ साली तिथं यहुद्यांना एका वस्तीत कोंडलं. बाबासाहेबांनी आपल्या एका ग्रंथाच्या नावातच तो घेतला, 'अस्पृश्य अथवा भारतातील घेट्टोची मुले'. तो मजकूर त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. १९८९ साली शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आला. तेव्हा हा शब्द आपल्याला अनोळखी नाही.

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वॉर्साच्या घेट्टोची दारं लावली. आत चार लाखांवर माणसं. इमॅन्युएल रिंगेलब्लुम हा चाळीस वर्षांचा इतिहासकार तिथं मदतकार्य करायचा. त्याने पन्नाससाठ माणसं जमवली. शनिवारी भेटायचे, म्हणून नाव ठेवलं 'ओनेग शाबेस', शब्बाथाचा आनंद. नाव आनंदाचं आणि काम काय, तर सगळं जमा करणं. रोजनिश्या, पोरांचे शाळेतले निबंध, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्यांचे कागद, भिंतीवरची फर्मानं, पत्रं, लोक एकमेकांना सांगत ते विनोद. प्रश्नावल्या काढल्या. निर्वासितांना विचारलं, बायांना विचारलं. राखेल आउएरबाख अन्नछत्र चालवायची, तिने रोज रांगेत वाडगा घेऊन येणाऱ्यांचं लिहून ठेवलं. फक्त मोठ्या माणसांचं नको, हमालाचं आणि भाजीवालीचंही हवं, असं ठरवून केलेलं काम होतं.

आणि त्याहून अवघड ते हे. त्यांनी आपल्यातल्यांचंही लिहिलं. घेट्टोत यहुदी पोलीस होते, त्यांनी पैसे खाल्ले, आपल्याच लोकांना गाडीत कोंबायला मदत केली. उपाशी मेलेल्यांच्या शेजारी चोरट्या मालावर गबर झालेले होते. मरण दाराशी उभं असताना आपल्या माणसांची घाण लपवायचा मोह कुणाला होणार नाही? शत्रूच्या हाती कोलीत कशाला द्यायचं, असं म्हणणारे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. त्यांनी लिहिलं. मिश्नातली ती लाजेपासून सुरुवात इथं मला पुन्हा दिसते, आता सणाच्या पाटावर नाही, कागदावर.

जुलै १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाला गाड्या सुटू लागल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांवर माणसं नेली. ऑगस्टच्या सुरुवातीला नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ नंबरच्या शाळेखाली दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. पुरणाऱ्यांत दोन पोरं होती, वय अठरा-एकोणीस. त्यातल्या दाविद ग्राबरने पेटी बंद करण्याआधी चिठ्ठी लिहून आत टाकली. जे आम्हाला ओरडून सांगता आलं नाही ते जमिनीत ठेवतोय, असा तिचा आशय. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा भाग दोन दुधाच्या डब्यांत पुरला. १९ एप्रिलला, वल्हांडणाच्या आदल्या संध्येला, जर्मन शेवटचं घेट्टो रिकामं करायला आत शिरले आणि पोरांनी गोळ्या चालवल्या. रिंगेलब्लुमला मार्च १९४४ मध्ये बायको आणि मुलासकट मारलं. त्या पन्नाससाठांतले तिघं जगले, राखेल आउएरबाख आणि हेर्श व ब्लुमा वासर हे जोडपं. वासरला जागा ठाऊक होती म्हणून सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगाऱ्यातून पेट्या निघाल्या. डिसेंबर १९५० मध्ये दुधाचे डबे निघाले. सगळे मिळून सुमारे पस्तीस हजार पानं.

येरुशल्मीसाहेब, इथं इतिहास आणि आठवण यात फट कुठाय? इथं प्रश्नावली हीच पोराचा प्रश्न झाली. मारणारे पुरावा पुसत होते, म्हणून मरणारे पुरावा जमवत होते. सोसलेल्या दुःखाला अर्थ असतो असं हे लोक म्हणाले नाहीत. गॅसमध्ये मेलेल्या पोराच्या मरणात अर्थ शोधणं मला तरी अश्लील वाटतं. अर्थ त्यांच्या कामात होता.

पण आठवण कुठल्या बाजूला वळते हे अजून राहिलंच. तोराहमध्ये दोन 'आठव' आहेत आणि ते एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे आहेत. एक म्हणतो, तू मिसरात परका होतास हे आठव आणि परक्याला छळू नको. तालमूदमध्ये मोजदाद आहे की परक्याबद्दलची ताकीद छत्तीस वेळा आली, कुणी म्हणतो सेहेचाळीस. ज्याने गुलाम केलं त्या मिसऱ्याचीही घृणा करू नको, असंसुद्धा लिहिलंय. दुसरा 'आठव' अमालेकाचा. वाटेत थकल्याभागल्यांवर मागून हल्ला केला त्या टोळीचा. तिने काय केलं ते आठव आणि तिचं नाव आभाळाखालून पुसून टाक. दोन्ही एकाच ग्रंथात. कुठला उचलायचा हे आठवणारा ठरवतो.

१९८८ च्या मार्चमध्ये, पॅलेस्टिनी पोरं रस्त्यावर दगड घेऊन उतरली होती तेव्हा, येहुदा एल्काना या इस्रायली अभ्यासकाने 'हारेत्झ' दैनिकात लेख लिहिला. हा माणूस दहा वर्षांचा असताना ऑशविट्झमध्ये होता. त्याने लिहिलं, की आपल्या समाजाचं पॅलेस्टिनींशी वागणं या खोल भयातून येतंय, आणि आपण विसरायला शिकलं पाहिजे. जगाने आठवावं, आपण नाही. केवढा गदारोळ झाला! पण बोलणारा कोण होता ते बघा. ज्याला विसरायचा सर्वांत कमी अधिकार आहे असं लोक धरून चालतात, तोच.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलात सुमारे बाराशे माणसं मारली, माणसं पळवून नेली. २८ ऑक्टोबरला पंतप्रधान नेतान्याहूंनी सैन्याला सांगताना अमालेकाची आठवण काढली. त्यांच्या कचेरीने पुढे खुलासा केला की रोख हमासवर होता. गाझात त्यानंतर हजारोंनी बायापोरं मेली. दक्षिण आफ्रिकेने हेगच्या न्यायालयात फिर्याद नेली तेव्हा हाच अमालेक पुरावा म्हणून मांडला. आणि त्याच वेळी अमेरिकेतले यहुदी तरुण-तरुणी, पुन्हा कुणाच्याच बाबतीत नको, असं म्हणत याच आठवणीच्या नावाने रस्त्यावर बसून अटक करवून घेत होते. एकाच घरातली दोन पोरं. कोण शहाणा आणि कोण दुष्ट, हे हगादा वाचणाऱ्यांनी आपापसात ठरवावं. माझं मत मी वर सांगितलंच आहे.

एल्कानाचा लेख मला पटतो आणि पुरता पटतही नाही. विसरून भागलं असतं तर ४ एप्रिल १९६९ ची रात्र झाली नसती. मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनाला त्या दिवशी वर्ष झालं होतं. आर्थर वास्को या तरुणाने हगादा नव्याने लिहून काढली आणि वॉशिंग्टनच्या एका काळ्या लोकांच्या चर्चच्या तळघरात वल्हांडणाचं जेवण घातलं. आठशेच्या आसपास माणसं आली, यहुदी, काळे, गोरे. मिसरची गोष्ट सांगता सांगता अमेरिकेतल्या गुलामीची सांगितली. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, आपल्या सणात हे काय घुसवलं म्हणून. पण त्या रात्री ताटातला पाला पाठांतराचा नव्हता.

त्या अभ्यासवर्गातल्या पोराला मी पुढच्या वेळी रिंगेलब्लुमच्या पेट्यांचं सांगणार आहे. त्या पुराभिलेखाचा तिसरा भागही पुरला होता, एप्रिल १९४३ च्या उठावाच्या आसपास. युद्धानंतर शोधला, नंतरही खणून पाहिलं. तो आजवर सापडलेला नाही.